चार स्क्रूंचं स्टूल

मंडळी, डॉक्टर हा देव असतो! — अगदी खरं. म्हणून तर आमच्या आख्यानातले डॉक्टर नाफडे लांबूनच दर्शन देत!

आता सांगा, देव भक्ताला हात न लावता बरा करील. डॉक्टर कसा करील?

ऐका. दवाखान्यात पेशंटचं एक लाकडी स्टूल. सरपंच आले, की स्टूल डॉक्टरांच्या गुडघ्याला. गावाबाहेरच्या भटक्यांच्या पालावरची झेलाबाई आली, की डॉक्टर ते पायानं ढकलत — थेट दारापाशी! सवयच ती. स्टेथोस्कोपची नळी दारापर्यंत पोचते होय?

"डाक्टर, चार पावलं टाकली की धाप लागती."

"तंबाखू सोड!"

"खातच न्हाई वो."

"मग अंघोळ करत जा!"

तीन खेपा, तीन बाटल्या खोकल्याचं औषध! प्रमिला सिस्टरांना तिचे सुजलेले पाय दिसत होते. त्या म्हणाल्या, "सर, जरा तपासता का?"

"हिंडतात दिवसभर, सुजणारच!"

तेवढ्यात जिल्ह्याला प्रशिक्षण निघालं — रुग्णांशी भेदभाव टाळा! डॉक्टर पहिले आले. प्रमाणपत्र भिंतीवर लागलं. आणि खाली स्टूल? दारात!

सिस्टर हसल्या. रविवारी सुतार बोलावला, आणि डॉक्टरांच्या खुर्चीशेजारी स्टूल चार स्क्रूंनी फरशीत पक्कं करून टाकलं!

सोमवारी झेलाबाई आली, भिंतीला धरत, ओठ निळसर. डॉक्टरांनी सवयीनं पाय मारला —

"आई गंऽऽ!"

झेलाबाई धापा टाकतच स्टुलावर बसली. "लागलं का वो? बगू... पाय फुडं करा. लाजू नका!"

अंगठा तिच्या हातात! हातभर अंतरावर तिची छाती घरघरतेय! आता डॉक्टर ऐकणार नाहीत तर काय करणार? नळी कानाला लावली, छातीवर टेकवली. चेहरा उतरला.

"हृदयाची झडप... कधीपासून त्रास होतोय, बाई?"

"तीन खेपा सांगितलं की."

मंडळी, तासाभरात रुग्णवाहिका! झडप बदलली. झेलाबाई आता टेकाड चढून येते आणि आधी डॉक्टरांचा अंगठा विचारते!

डॉक्टरांचं मन पालटलं म्हणता? सिस्टरांना विचारलं मी. म्हणाल्या, "ठाऊक नाही, बुवा. स्टूल हलत नाही."

हसलात! बरं झालं. मघापासून बघतोय — त्या खांबापाशी पालावरची माणसं बसलीत, आणि त्यांच्याभोवती हातभर सतरंजी रिकामी. इकडे तुम्ही मांडीला मांडी लावून घामाघूम! सरका की जरा तिकडे.

सतरंजीला स्क्रू बसत नाहीत.