बलभीम आचाऱ्याची साक्ष

...त्या चिठ्ठीचं मागनं बघू की अप्पा, आधी ताट घ्या. लिंगपूजा झाली न्हवं? झाल्याबिगर तुमी अन्नाला शिवत न्हाय, मला ठावं हाय — बेंबळीत भिंतीला भिंत लागून घर आपलं, ह्या बलभीमाला शिवलिंगप्पाची रीत कुणी शिकवावी? घ्या, पिठलं घ्या. तिखट लागलं? लागू द्या. साकु, पुरे म्हणू नका, ही छावणी हाय, इथं वाढंल तेवढं खायचं.

तुमी खाता खाता मी बोलतो, मजी तुमाला तसदी न्हाय. चिठ्ठी पायजे तुमाला — हा गडी तेरा म्हैने सरहद्दीवरच्या छावणीत स्वयंसेवक हुता, निजामाविरुद्ध झटला, अशी. सही छावणीप्रमुख गुरुजींची, मग गुरुजींनी तुमाला चुलीकडं का धाडलं? सांगतो. इथं नावं लिहायची न्हाईत, असा पयल्या दिसापासनं दंडक. यादी तिकडच्यांच्या हाती लागली तर गावाकडं घरं पेटायची. मग कोण हुतं आन् कोण न्हवतं, हे कुणाला ठावं? आचाऱ्याला. ज्याला म्या भाकर वाढली तो हुता, बाकीचा न्हवता. आता निजाम शरण आला, चार दिसांत छावणी मोडंल, आन् सकाळधरनं रांग लागलीय बघा — ज्यांचं तोंड म्या कवा बघितलं न्हाय ते मिठ्या मारत्यात, म्हणत्यात बलभीमदादा, तुमच्या हातची चव अजून जिभंवर हाय.

तेरा म्हैने, अप्पा. परमुलूखच हा — घरापासनं दोन दिसांची वाट, पण तहसीलदाराला इथं मामलेदार म्हणत्यात, तिथनंच सगळं उलटं. भाकरीची चवड एवढी उंच व्हायची की गडी तिच्यावर चढून नळदुर्गाचा किल्ला न्याहाळायचे. एकदा तोफेचा गोळा थेट कढईत पडला — म्या ढवळला, इरघळला, वाढला. काळं का दिसतंय इचारलं, तर म्हणलं कारळाची चटणी घातलीय. हसा की. बरं, तोफ न्हवती. आन् खरं सांगायचं तर बंदूकबी म्या हातात धरली न्हाय. गडी हद्द वलांडून जायचे, मी पीठ मळत बसायचो. परत आले की पंगत बसायची, एखांदं पान रिकामं ऱ्हायचं. ते म्या उचलायचं.

कंटाळा न्हाय आला, कारण दर भाकरीत मला तुमचं तोंड दिसायचं. दिसाला दीडशे बार थापलंय तुमाला, अप्पा, आन् दोनी बाजूंनी भाजलंय. का थांबलात? खावा.

तुमी बोट केलं न्हाय, हे मला मान्य हाय. निजामाचे बंदुकवाले चावडीफुडं आले, बलभीमचं घर कंचं म्हणून इचारलं, तवा तुमी नुसती हनुवटी हलवली. एवढीशी. बोट साऱ्या गावाला दिसतं, हनुवटी कोण बघतंय? आमची कारभारीण, दगडाबाई, बघत हुती. हिरीवरनं येत हुती, घागर तिथंच ठिवली. छप्पर जळलं, कडबा जळला — ते सोडा, छप्पर परत शाकारता येतं. पण ते बंदुकवाले तीन दिस तुमच्या ओसरीवर चहा पीत हुते, बाई कुठं गेली म्हणून इचारत हुते, आन् तुमी म्हणत हुता, माहेरी पळाली आसंल. कुठं हुती ती, ठावं हाय?

तुमच्या ओसरीखाली, अप्पा. जमिनीतलं जवारीचं पेव रिकामं हुतं न्हवं, त्या खड्ड्यात. तुमच्याच मंडळींनी, मल्लम्मावैनींनी तिला परसातनं आत घेतलं, सोलाच्या दोरानं पेवात उतरवलं, वर फरशी, फरशीवर तुमचीच घोंगडी. तीन दिस तुमी तिच्या डोक्यावर बसला हुता. तुमी डोळे मिटून पूजेला बसलात की वैनी फरशी सरकवायच्या, भाकर खाली सोडायच्या. एक भाकर रोज जादा का, म्हणून तुमी त्यांच्यावर वराडलात — दगडाबाईनं खालनं ऐकलं, तिच्या भावानं, रामकिसननं, इथं येऊन सांगितलं मला. तिसऱ्या दिशी वर काढली तवा... आत हवा कोंदट, पोटाला तिसरा म्हैना. ती वाचली, पोटातलं गेलं — जाऊ द्या. हे बोलायचं न्हवतं. मी इथं हुतो. तिला सोडून आलो, आन् इथं लोकांना गरम गरम वाढत हुतो.

न्हाय, हात जोडू नका, पिठल्याचा हात हाय. सूड कसा घ्यायचा त्याचे लई बेत केले म्या. झाडाला बांधायचं, गाढवावरनं धिंड काढायची, तुमच्या मिशा तुमाकडनंच भादरून घ्यायच्या. मग आज तुमी त्या रांगंत उभे दिसलात, टोपी नवी, चेहरा गरीब — आन् मी तडक गुरुजींकडं गेलो. म्हणलं, गुरुजी, ह्या घराला चिठ्ठी द्यायची हाय, मी साक्ष देतो, लिवा.

ही बघा. हात पुसून धरा. वाचा, मोठ्यानं. न्हाय वाचत? बरं, मला अक्षर येत न्हाय, पण पाठ हाय. ‘मल्लम्मा, राहणार बेंबळी, यांनी जिवावर उदार होऊन स्वयंसेवकाच्या पत्नीस तीन दिवस पेवात लपवून वाचवले.’ खाली सही, शिक्का. तुमचं नाव हुडकताय? हाय की, शेवटच्या वळीत बघा — ‘पती शिवलिंगप्पा यांच्या नकळत.’

वाटंत फाडून टाकाल, तर टाका. दुसरी प्रत रामकिसन घेऊन गेलाय, परवा बाजाराच्या दिशी बेंबळीच्या चावडीवर वाचणार हाय तो, आवाज खणखणीत हाय त्याचा. घराघरांतनं बायका येतील ऐकाया. लोक वैनींच्या पाया पडतील, आन् तुमी श्येजारी उभं ऱ्हायचं. रोज. जन्मभर. त्यांनी वाढलेली भाकर खायची आन् त्यांच्या तोंडाकडं बघायचं न्हाय.

उठा आता. फुडची पंगत खोळंबलीय, आन् ती इथं जेवलेल्यांची हाय.