ओरालियाबाईंच्या सहाशे अकरा नोंदी

ओरालिया: ‘दुबार’ हा शब्द आधी खोडा, लायलसाहेब. मग पुढचं बोलू.

लायल: शब्द माझा नाही, ओरालियाबाई, संगणकाचा आहे. तुमच्या काउंटीत न्यायाधीशांनी संरक्षण आदेश दिले दोनशे चार. राज्याच्या नोंदवहीत न्यायालयाच्या कारकून म्हणून तुम्ही केलेल्या नोंदी सहाशे अकरा. याला दुसरं काय म्हणायचं?

ओरालिया: काम म्हणायचं.

लायल: तुमच्याशी भांडायला मी राजधानीहून तीनशे मैल गाडी हाकत आलेलो नाही.

ओरालिया: माझी सही घ्यायला आलात. तो कागद मघापासून उलटा धरलाय तुम्ही.

लायल: विधिमंडळापुढचं हे विधेयक चांगलं आहे, बाई. आजवर ही नोंदवही फक्त न्यायालयात आणि पोलीस ठाण्यात दिसायची. आता शेरीफच्या प्रत्येक गाडीत दिसेल, शाळेच्या कार्यालयात दिसेल. पण दर नोंदीमागे राज्याला खर्च येणार, आणि त्या खर्चाचं टिपण मी लिहितोय. तुमच्या सहीनं जादा नोंदी शुक्रवारपर्यंत पुसल्या, तर ‘खर्च नगण्य’ असं लिहिता येतं आणि विधेयक समितीतून सुटतं.

ओरालिया: कुठल्या पुसणार? संगणक समोर आहे. मुन्योस आडनाव शोधा बरं.

लायल: स्पॅनिशमध्ये देतात तशी एनच्या डोक्यावर लाट देऊन?

ओरालिया: त्याच्या आईबापांनी दिली तशीच.

लायल: काही येत नाही.

ओरालिया: तुमचं यंत्र तो लाटवाला एन गिळून टाकतं. उरतं मुओस. या नदीकाठी मुओस नावाचं कुत्रंसुद्धा सापडायचं नाही. आता साधा एन घाला.

लायल: आलं.

ओरालिया: ते मी घातलंय. शेवटी एस आहे, तिथं झेड करा.

लायल: तेही आलं.

ओरालिया: तेही मीच. रस्त्यात गाडी अडवणारा शिपाई नाव कानांनी ऐकतो आणि अंगठ्यानं टाइप करतो. इबारा हे आडनाव तो वायनं लिहील की आयनं, हे मला इथं बसून कसं कळणार? म्हणून दोन्ही.

लायल: याचा कधी कुणाला उपयोग झाला?

ओरालिया: मार्चमध्ये. बाप मुलीला न्यायला शाळेच्या फाटकावर आला. आदेशाप्रमाणे त्यानं दोनशे यार्ड लांब राहायचं होतं. शाळेतल्या बाईंनी शेरीफच्या माणसाला बोलावलं, त्यानं ठाण्यात विचारलं, ठाण्यातल्या पोरीनं आयनं शोधलं. न्यायाधीशांच्या कागदावर वाय होता; आयची नोंद माझी, म्हणून आदेश सापडला. मुलगी आईबरोबर घरी गेली. कुठली दुबार नोंद ते सांगते, पुसायची तर पुसा.

(लायल कागदाची घडी घालून तो खिशात ठेवतो.)

लायल: एका आदेशाला किती वेळ जातो?

ओरालिया: अकरा मिनिटं. घड्याळ लावून मोजलीत.

लायल: कार्यालयीन वेळेत?

ओरालिया: शनिवारी सकाळी, एकोणीस वर्षं. नवरा म्हणतो, शनिवारी तुझा दुसरा संसार असतो.

लायल: मग आमचं एक ठरलेलं वाक्य आहे. ‘सध्याच्या साधनांतून भागेल.’

ओरालिया: ते साधन तुमच्यासमोर बसलंय आणि जूनमध्ये निवृत्त होतंय.

लायल: बाई, खरा आकडा लिहिला तर विधेयक अडकेल.

ओरालिया: आणि खोटा लिहिला तर मंजूर होईल. आज नाव सापडलं नाही, तर ठाण्यातून मला फोन येतो. उद्या गाडीतल्या पडद्यावर ‘नोंद नाही’ असं दिसलं, की शिपाई त्या माणसाला नमस्कार करून सोडून देईल. पडद्यावर कोण अविश्वास ठेवतो?

लायल: मग करायचं काय?

ओरालिया: ही यादी घ्या. एकोणीसशे आडनावं, आणि प्रत्येकाची लोक लिहितात ती सगळी रूपं. ती शोधयंत्रात एकदाच बसवा. बसली याची खात्री पटली, की जादा नोंदी मी माझ्या हातानं पुसेन. बसवायला खर्च येईल. तो लिहा. नगण्य म्हणू नका.

लायल: असं काही आमच्याकडे राजधानीत नाही.

ओरालिया: ठाऊक आहे. दोनदा पत्र लिहून विचारलं होतं.

लायल: बरं, लिहितो. रक्कम आणि कारण, दोन्ही. पण समितीत पहिला प्रश्न हाच येईल, की या बाईंना हे करायला सांगितलं कुणी?

ओरालिया: सांगा, कुणीच नाही. आणि मग जरा थांबा. लाजायलाही माणसाला वेळ लागतो.