आजीचे दात

...आणि हे काम माझ्याच गळ्यात का, तर मी घरात नवी, मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला सांगते, सासूबाईंच्या पोटातली गाठ काढायची म्हणून सगळं घर सकाळी दवाखान्यात निघालं आणि जाऊबाई चपला घालता घालता माझ्या कानात, "चिमणीला सांग, आजी मावशीआजीकडे राहायला गेलीय. लहान आहे ती, तिला काय कळतंय." सासरे म्हणाले, "दवाखाना हा शब्दसुद्धा नको." आमचे हे म्हणाले, "तू फक्त चेहरा नीट ठेव." आता चेहरा काय भांडं आहे, फडताळात नीट ठेवायला?

दार लागलं तशी जाऊबाईंची सात वर्षांची चिमणी समोर उभी. "आजी कुठे गेली?" म्हटलं, मावशीआजीकडे. ती आत गेली, परत आली, हातात वाटी, वाटीत पाणी, पाण्यात सासूबाईंची कवळी. "मग दात का ठेवून गेली?" अहो, ज्या बाई कवळीशिवाय दूधवाल्याला दार उघडत नाहीत... म्हटलं, तिकडे सगळं मऊच खातात. "आणि चष्मा?" तिकडे... सगळं मोठं मोठं असतं. लहान आहे ती, तिला काय कळतंय, असं घोकत मी गाजरं चिरत होते, फोन काही वाजेना, गाजरं संपली तरी सुरी थांबेना, ऑपरेशन तासाभराचं आणि दुपार टळत आलेली... शेवटी मीच जाऊबाईंना फोन लावला, तर, "सगळं छान आहे हं, तू जेवून घे शहाण्यासारखी." छान? अहो, हाच आवाज मी सकाळपासून चिमणीला लावत होते. फोन ठेवला आणि चिरायला काही नसताना पुन्हा सुरी हातात घेतली.

चिमणीने माझ्या हातातली सुरी काढून घेतली. "काकू, गाठ काढली की आजी येणारे. तिनेच सांगितलंय मला. म्हणाली, तुला हे माहितीये असं घरात बोलू नको, आणि काकूकडे लक्ष ठेव, ती घाबरट आहे."

"आणि तू नाही घाबरलीस?"

"थोडी. पण तुम्ही सगळेच घाबरलेले, माझा नंबर कधी लागणार?"

संध्याकाळी जाऊबाई धापा टाकत दारात. "नीट झालं सगळं. शुद्धीवर आल्या आल्या दात मागतायत. चिमणीला कळू न देता आण." मी वळले तर वाटीवर झाकण, वर रुमालाची गाठ, आणि चिमणी कोपऱ्यात चित्र काढतेय.

"हिला काही कळलं नाही ना?"

जाऊबाईंच्या पाठीमागून चिमणीने मला मानेनेच खुणावलं, नाही म्हण. म्हटलं, नाही.

काय करणार? मोठी माणसं आहेत हो ती, त्यांना सोसायचं नाही.