एकदाच केकाटला

(जनावरांच्या दवाखान्यातल्या एमआरआयच्या खोलीबाहेरचा बाक. काचेपलीकडे त्यांचा कुत्रा गुंड्या भूल देऊन यंत्रात निजवलाय. बाकावर ताई आणि तिचा धाकटा भाऊ. दोघांच्या मध्ये गुंड्याचा गळपट्टा.)

भाऊ : सकाळपासून तेच तर सांगतोय, ताई.

ताई : परत सांग. खरं असेल तर बदलणार नाही.

भाऊ : मागच्या अंगणात चेंडू टाकला. त्यानं उडी मारून झेलला, वळला, एकदाच केकाटला आणि खाली बसला. उठवायला गेलो तर मागचे पाय लुळे.

ताई : एकदाच?

भाऊ : एकदाच.

ताई : कंबर मोडलेलं कुत्रं सगळी गल्ली डोक्यावर घेतं. आणि हा म्हणे एकदा केकाटून गप्प! कुणाला सांगतोस?

भाऊ : म्हणजे मी मारलं त्याला?

ताई : मी तसं म्हटलं का?

भाऊ : म्हणायचं काय राहिलंय? माझी बॅग भरून गाडीच्या मागच्या सीटवर टाकलीस.

ताई : परवा त्यानं बूट चावला, तेव्हा लाथ कुणी उगारली होती?

भाऊ : उगारली. मारली नाही.

ताई : मी दारात आले म्हणून.

भाऊ : नोकरी गेल्यापासून घरात कप फुटला तरी तू आधी माझ्याकडेच बघतेस.

ताई : मग या तपासणीला नको का म्हणालास? मनात काही नसलेला माणूस असा मागे सरत नाही.

भाऊ : भुलीला घाबरलो. म्हातारा झालाय गं तो. उठलाच नाही तर?

ताई : आता बरा कळवळा आलाय.

डॉक्टर : (दार उघडून) या दोघंही आत. गुंड्या ठीक आहे, भूल उतरतेय. हे त्याच्या पाठीच्या कण्याचे फोटो.

ताई : डॉक्टर, आधी एवढंच सांगा. त्याला कुणी मारलंय का?

डॉक्टर : हाडं शाबूत आहेत. मणक्यांमधल्या गाद्या जागच्या जागी आहेत. भोवतीच्या स्नायूंत कुठे रक्त साकळलेलं नाही. फक्त इथे, मज्जारज्जूच्या आत, एका बाजूला हा पांढरा डाग दिसतो?

ताई : काय आहे तो?

डॉक्टर : तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा तुटलाय. गादीचा एखादा कण रक्तवाहिनीत जाऊन अडकला असावा.

ताई : असावा? म्हणजे खात्री नाही.

डॉक्टर : कण इतका बारीक असतो, की तो यंत्राला दिसत नाही. रक्त न मिळालेली जागा तेवढी दिसते.

ताई : मग लाथेनं झालं नसेल कशावरून? यानं तुम्हाला आधी काही सांगून ठेवलंय का?

भाऊ : ताई, पुरे.

डॉक्टर : यांना बोलूच कुठे दिलंत? सकाळी आल्या आल्या तुम्ही 'मार लागलाय' म्हणालात आणि पुढचं काही विचारू दिलं नाहीत. एवढा मार बसला असता तर हाडात, स्नायूत कुठेतरी खूण राहिली असती. आता तरी सांगा, हे झालं तेव्हा गुंड्या किती ओरडला?

भाऊ : ताईला विचारा. माझं कुणाला खरं वाटत नाही.

डॉक्टर : तुम्ही होतात तिथे?

ताई : नव्हते.

डॉक्टर : मग?

ताई : चेंडू झेलून वळला म्हणे. एकदाच केकाटला. मग गप्प.

डॉक्टर : या दुखण्यात असंच होतं. खेळता खेळता कोसळतं कुत्रं. पहिल्या झटक्याला कळ येते, मग फारसं दुखत नाही.

ताई : मला वाटलं, हा रचून सांगतोय.

डॉक्टर : पायाला चिमटा घेतला तर त्याला कळतंय, ही चांगली गोष्ट आहे. चालेल बहुतेक. पण पोटाखाली टॉवेल धरून रोज चालवावं लागेल, कूस बदलावी लागेल. दिवसभर घरी कोण असतं?

ताई : मी कामावर असते.

डॉक्टर : आणि हे?

भाऊ : ते ताई ठरवेल.

ताई : त्याला घरी कसं न्यायचं, डॉक्टर?

डॉक्टर : आडवं. मागची सीट मोकळी हवी.

भाऊ : माझी बॅग काढून घेतो. मी जाईन इथूनच.

ताई : बॅग पुढे ठेव, माझ्याशेजारी. तू मागे बस त्याच्याजवळ. तुझा हात अंगावर असला की तो शांत राहतो.