सोजरआजीचे चार मिक्सर

त्या गरिबीच्या सर्वेचं नाव काढू नका. घरात वस्तू दिसल्या की रेशन बंद, अशी बुवापाड्यात बोंब उठली. सोजरआजीचं घर सकाळीच लिहून झालं होतं, तिच्याकडे काहीच नाही. म्हणून चाळीतल्या आम्ही चौघींनी आपापले मिक्सर तिच्याकडे नेऊन लपवले. तेवढ्यात सर्वेवाली मॅडम विसरलेली छत्री न्यायला परत आली.

“आजी, चार मिक्सर? कुणाचे हे?”

आम्ही सगळ्या दारातच उभ्या. एकेक जण दुसरीच्या मागे सरकली.

आजीने आमच्याकडे बघितलं. “माझेच हायेत. लिव्ह बाई.”

आमचं रेशन चालू आहे. आजीचं बंद होईल का, हे विचारायला कुणी जात नाही.

त्यातला लाल मिक्सर माझा. तो आणायची अजून हिंमत होत नाही.