कंद की रोपं

जळगावच्या दवाखान्यात माझ्या समोरच्या बाकावर फैजपूरचे केळीवाले गिरधर आबा डोळे मिटून बसले होते. लेक ज्योत्स्नाच्या हातात त्यांचा रिपोर्ट होता.

“हाडातल्या मगजात काय निघालं वं माय?”

“मायलोमाच्या, म्हणजे मगजातल्या कॅन्सरच्या, पेशी बऱ्याच आहेत, आबा. त्यांच्या जनुकांतही दोष आहे. औषधानं दबला तरी आजार लवकर उलटतो, म्हणतात.”

“म्हणजे केळीचा कंद चिरल्यावर आत डाग दिसतो, तसं. तुम्हा पोरांना तर नाही ना लागायचा?”

“नाही, दोष त्या पेशींपुरताच आहे.”

“मग झालं. डोळे मिटले की नुसती हिरवी पानं हलतात बघ. औंदा कंद नको, टिश्यूची रोपंच लावू. अकरा महिन्यांत काढणीचा घड दिसतो. कंदाला दीड वर्ष लागतं.”

“धाकट्या हितेंद्रला मी कालच कंद आणायला धाडलंय, आबा. दीड वर्षानं घड तुम्हीच कापायचा.”