झाडाचं पान म्हणजे औषध थोडंच?

छे हो सिस्टर, काहीतरीच काय! आत नेताना तिनं ‘हे गृहस्थ कोण?’ असं विचारलं ना, ती थट्टा हो — लग्न झाल्यापासून माझी फिरकी घेत आलीय ती. बसा ना जरा. तिच्या गुडघ्याचंच तर ऑपरेशन, मला काही भीतीबिती नाही. सुरू नाही ना केलं अजून? भूल देतायत — बरं, बरं.

आता तुम्ही घरच्यासारख्या, म्हणून सांगतो — थट्टा नव्हती ती. हल्ली बायको मला तिचा भाऊ समजते. ‘दादा, आमचे हे कुठं गेले रे?’ — मलाच विचारते, माझ्याच तोंडावर! मग काय करणार? म्हणतो, येतीलच इतक्यात. आणि आतल्या खोलीत जाऊन शर्ट बदलून पुन्हा दारातून येतो. हसताय? हसा, हसा. पण कधीकधी ओळखते हो — ‘इतका उशीर?’ म्हणून अशी झापते — ते झापणं ऐकलं की जिवात जीव येतो माझ्या.

लेकीला यातलं काही बोलू नका हं. चहा आणायला खाली गेलीय. तिला कळलं की आईला उचलून घेऊन जाईल आपल्या घरी, आणि मी? मी काय भिंतींशी बोलू? म्हणून डॉक्टरांनाही नाही सांगितलं. पण हातावर हात धरून बसलो नाही हां! गिंकोच्या कॅप्सूल आणल्या — कुठल्याशा झाडाच्या पानांचा अर्क असतो — दुकानदार म्हणाला, स्मरणशक्ती वाढते, मेंदूला रक्त छान पोचतं. गिळायला नाटकं करते बाई, म्हणून फोडून मधात कालवून देतो.

विचारलं होतं की डॉक्टरांनी, ‘आणखी काही औषध चालू आहे का?’ मी म्हटलं, नाही. खोटं काय त्यात? झाडपाल्याला कुणी औषध म्हणतं का! उलट ऑपरेशनसाठी तिची ती रक्त पातळ करायची गोळी बंद केली ना तुमच्या डॉक्टरांनी, तेव्हा मीच डोकं चालवलं — गोळी नाही तर नाही, मेंदूकडचं रक्त अडायला नको — आणि पानांचा डोस केला दुप्पट. अगदी कालपर्यंत दिलाय, एकदा म्हणून चुकवला नाही —

उठलात का? काय झालं? — पानानंसुद्धा रक्त पातळ होतं? अहो, पण पान ते, पान काय करणार — रक्त थांबता थांबत नाही म्हणजे? कापल्यावर? — मग माझ्या तोंडाकडे काय बघताय, जा ना! थांबवा त्यांना! डॉक्टरांना सांगा, लेकीला सांगा, सगळ्यांना सांगा, नेऊ दे तिला कुठं न्यायचं तिथं — पळा हो बाई, पळा!